मीटरवरचे तास आणि सातची मालिका

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर, म्हणजे हवेतून प्राणवायू वेगळा काढून देणाऱ्या मशीनवर, एक लहानसा मीटर असतो. मशीन घेतल्यापासून एकूण किती तास चाललं, ते त्यावर दिसतं. घरचे लोक सहसा तिकडे बघत नाहीत. मी फिजिओथेरपिस्ट. श्वसनाचे व्यायाम शिकवायला घरोघरी जाते, आणि गेल्यावर आधी तोच आकडा टिपून घेते. या घरात आजींच्या मुलाने सांगितलं होतं, "आईला रोज पंधरा तास लावतो." मीटरच्या हिशोबाने दिवसाला जेमतेम नऊ-दहा तास भरत होते. मुलगा खोटं बोलत नव्हता. तो सकाळी आठला बाहेर पडून रात्री नऊला परतायचा, आणि त्याच्या डोळ्यांसमोर मशीन चालूच असायचं. मधले तास कुठे गळतात ते शोधायला गेलो आणि टीव्हीपाशी पोचलो.

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आजी सदुसष्ट वर्षांच्या. माहेर आणि सासर दोन्ही पाटण तालुक्यातलं, शिक्षण चौथीपर्यंत. आजार सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार. हे नाव काढलं की लोक विचारतात, "सिगारेट ओढायच्या?" आजींनी विडी हातातही धरली नाही. चाळीसेक वर्षं त्या चुलीपुढे बसल्या. ओला लाकूडफाटा, शेण्या, आणि वर धुराडं नसलेलं घर. आपल्याकडच्या खेड्यांतल्या कितीतरी बायकांच्या फुप्फुसांची कथा हीच आहे. उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये आली, तोवर आजींना चढाची वाट सोडून सपाटीवरही धाप लागू लागली होती. यजमान गेल्यावर त्या पुण्याला धाकट्या मुलाकडे आल्या. घर वन बीएचके, दुसरा मजला, लिफ्ट नाही. मुलगा, सून, आणि दहावीतला नातू. आतली खोली नातवाच्या अभ्यासाला दिलेली, म्हणून आजींचा दिवाण हॉलमध्ये. टीव्ही हॉलमध्ये, देवघर टीव्हीच्या युनिटमध्येच, आणि आता मशीनही तिथेच.

डॉक्टरांनी धमनीतल्या रक्ताची तपासणी करून लिहून दिलं होतं: मिनिटाला एक लिटर, दिवसाचे किमान पंधरा तास. पंधराचा आकडा हवेतून आलेला नाही. १९८० आणि १९८१ साली अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. रक्तातला प्राणवायू फारच कमी असलेल्या सीओपीडीच्या रुग्णांना दिवसातले जास्त तास ऑक्सिजन दिला तर ते जास्त जगतात, हे त्यांतून दिसलं. तेव्हापासून पंधरा तास हा किमान नियम झाला. धाप लागली की थोडा वेळ लावायचा आणि बरं वाटलं की काढायचा, असा हा उपचार नाही. तो तासांवर चालतो. आजींचे रोजचे पाच तास कमी पडत होते.

मशीन कधी बंद असतं, असं मी सुनेला विचारलं. तिने जरा थांबून सांगितलं, "आत्याबाई मालिका बघतात तेव्हा. आणि दुपारी मी कामावर असते, तेव्हाचं त्याच जाणोत."

आजींनी लपवलं नाही. "त्याची घरघर चालू असली की बोलणंच ऐकू येत नाही. मग बघायचं काय, नुसती तोंडं?"

पाच लिटरच्या साध्या कॉन्सन्ट्रेटरचा आवाज चाळीस ते पन्नास डेसिबलच्या घरात असतो, म्हणजे खोलीत कुणीतरी सतत हळू आवाजात बोलत असल्यासारखा. त्यात प्राणवायू ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरच्या बाटलीतले बुडबुडे. सदुसष्टाव्या वर्षी कान आधी वरच्या पट्टीतले आवाज गमावतात, त्यामुळे स, श, त, क ही व्यंजनं पुसट होतात आणि वाक्य ऐकू येऊनही कळत नाही. आपल्या मालिकांत संवादाखाली पार्श्वसंगीत कायम धावत असतं. चपट्या टीव्हीचे स्पीकर मागे किंवा खाली तोंड करून बसवलेले. इतकं सगळं एकत्र आलं की माणूस आवाज वाढवतो. आवाज वाढला की आतून नातू ओरडायचा, "आजी, माझी प्रिलिम आहे!" टीव्ही आणि मशीन यांपैकी एक बंद करायचं झालं तर आजींनी मशीन बंद केलं. सात ते नऊ. नातवाच्या अभ्यासासाठी केलेली ती तडजोड होती, हे त्याला माहीतच नव्हतं.

दुपारचं कारण वेगळं निघालं. हे मशीन साधारण साडेतीनशे वॅट खातं. पंधरा तासांचे सव्वापाच युनिट, महिन्याचे दीडशेच्या वर. बिल वरच्या टप्प्यात गेल्यावर घरात एकदा चर्चा झाली होती, ती आजींच्या कानावर पडली. (वाढलेलं बिल म्हाताऱ्या माणसासमोर वाचू नये, असं मी प्रत्येक घरी सांगते. कुणी ऐकत नाही.) तेव्हापासून सून कामावर गेली की त्या बटण बंद करायच्या आणि जुना सिनेमा लावायच्या.

तिसरं कारण कानांवर दिसत होतं. नाकातली नळी कानांमागून जाते, तिथेच चष्म्याच्या काड्या. मुलाने आवाजावर उपाय म्हणून हेडफोन आणून दिला होता, तोही तिथेच दाबायचा. दोन्ही कानांमागे कातडी सोलवटलेली होती.

आता टीव्हीच बंद करा, असं सांगणं सोपं होतं. मुलगा त्याच बेतात होता, मला म्हणाला, "डॉक्टर, तब्येतीपुढे मालिका कसल्या?" पण आजींच्या दिवसात दुसरं काय होतं, हेही पाहायला हवं. दोन जिने उतरून खाली गेलं तर वर येताना प्रत्येक टप्प्यावर टेकावं लागतं, म्हणून खाली जाणं बंद. शेजारी कामावर. सून सहाला येते. सातच्या मालिकेतलं घर हे आजींना नावानिशी माहीत असलेलं पुण्यातलं एकमेव मोठं घर. त्यातल्या सासूचा त्यांना मनापासून राग आहे. आणि सकाळी साडेनऊला गावाकडून जावेचा फोन येतो. त्या दोघींचं बोलणं कालच्या भागावरूनच सुरू होतं, मग पाऊस, भात, कुणाचं बाळंतपण, कुणाची बांधाची भांडणं. मालिका काढून घेतली की तो फोनही दोन मिनिटांचा होतो. मला हे औषधाच्या यादीत लिहिण्याइतकं महत्त्वाचं वाटलं.

म्हणून हिशोब उलटा मांडला. रात्री दहा ते सकाळी सात, नऊ तास. दुपारी एक ते चार, तीन. संध्याकाळी सात ते दहा, तीन. झाले पंधरा. टीव्हीचे तास हेच ऑक्सिजनचे तास करायचे. मशीन आणि मालिका एकत्र चालतील अशी खोली लावायची. बाकीचे नऊ तास, म्हणजे आंघोळ, पूजा, स्वयंपाकघरात बसून शेंगा सोलणं, हे नळीविना. डॉक्टरांना फोन करून विचारलं. त्यांनी होकार दिला, वर सांगितलं की घरात चालताना प्राणवायू किती उतरतो ते एकदा तपासून घ्या.

खोली लावायला मात्र बरेच दिवस गेले. मशीन आधी हॉलबाहेरच्या बोळात नेलं. भिंतीला चिकटवून ठेवता येत नाही. हवा खेचायला चारही बाजूंनी फूटभर जागा लागते. एक्स्टेन्शन बोर्डावर तर मुळीच लावायचं नाही, थेट भिंतीतल्या सॉकेटवर. आधी ते टीव्ही आणि सेट टॉप बॉक्ससोबत एकाच बोर्डावर होतं आणि बोर्ड हाताला गरम लागत होता. मशीन पुरवणाऱ्याशी बोलून लांब नळी घेतली, साधारण पन्नास फूट. तेवढ्या लांबीवरही प्राणवायू पुरेसा पोचतो याची आजींच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून खात्री केली. नळी पायात येऊ नये म्हणून ती भिंतीच्या कडेने चिकटपट्टीने बसवली. लांब नळीत पाणी साठतं, ते अडवायला मध्ये एक छोटी डबी येते, तीही लावली. एवढ्यावर हॉलमधली घरघर निम्म्याहून कमी झाली.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करणारा पर्याय बहुतेक नव्या सेटमध्ये असतो. नातवाने तो शोधला, खर्ज कमी केला. हेडफोन रद्द. त्याऐवजी हातात मावेल असा ब्लूटूथ स्पीकर आजींच्या खांद्यापाशी ठेवला. आवाज कानाजवळून आला की तो मोठा असावा लागत नाही. आतल्या खोलीत आता फक्त जाहिराती ऐकू येतात, त्या नेहमीच चढ्या आवाजात असतात. सबटायटलचा पर्याय कुणीतरी सुचवला होता. मराठी मालिकांना ती क्वचितच असतात, आणि आजी अक्षर लावून वाचेपर्यंत दृश्य बदललेलं असतं. कानांमागे मऊ कापसाची पट्टी गुंडाळली.

बसण्याची जागा बदलणं हे मला सर्वांत आवडलेलं काम. टीव्ही भिंतीवर उंच टांगलेला, आजी दिवाणावर कलत्या. मान वर, पोट दुमडलेलं. सीओपीडीच्या माणसाला हाताची खुर्ची, समोर उशी ठेवलेलं टेबल, त्यावर दोन्ही कोपर टेकून किंचित पुढे झुकलेली बैठक मानवते. खांद्याचे आणि छातीचे स्नायू तेव्हा श्वासाच्या कामी येतात. टीव्ही खाली घेतला. जेवणही सातच्या आधी, थोडंसं. भरल्या पोटाने छातीखालचा श्वासाचा पडदा वर ढकलला जातो आणि धाप वाढते. घास, संवाद आणि श्वास हे तिन्ही एकदम सांभाळताना ठसका लागतो, म्हणून मालिका चालू असताना काही खायचं नाही. हा नियम आजींना अजून पटलेला नाही. घरातले सगळे नऊला टीव्हीसमोर ताट घेऊन बसतात आणि त्या नुसत्या बघत राहतात. त्यावर मला उत्तर सापडलेलं नाही. सूनच कधीतरी वाटीभर ताक पुढे करते, मी डोळेझाक करते.

देवघराचा प्रश्न नाजूक होता. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण पेटलेल्या वस्तूला भडकवतो. नळी, पदर, उशीचा अभ्रा यांत तो साठून राहतो. ज्योत किमान दहा फूट लांब हवी. आणि दिवेलागण नेमकी सातला, टीव्हीखालच्या देवघरात, आजींच्या हातून. लाइटचा दिवा सुचवला तर त्यांनी हात जोडले, "देवाला फसवायचं व्हय मी आता?" मग वेळ सरकवली. साडेसहाला, नळी काढून, मशीन बंद, खिडक्या उघड्या, समई, शुभंकरोती. समई शांत झाली की खिडकीतून येणारी हवा थोडा वेळ खेळू द्यायची, सातच्या ठोक्याला नळी नाकात. उदबत्ती आणि धूप मात्र पूर्ण बंद. धूर त्यांच्या आजाराचं मूळच आहे, यावर त्यांनी वाद घातला नाही.

महिन्याभरात मीटर पंधराच्या जवळ पोचला. नंतर जे घडलं ते मशीनच्या आवाजाशी संबंधित नव्हतं.

एका सोमवारी गावाकडच्या जावेने सुनेला फोन केला. "अगं, आक्का दोन दिवस मालिकेचं काहीच सांगत न्हाईत. परवाच्या भागात कोण आलं होतं म्हटलं, तर हूं-हूं करतायत." सुनेनेही पाहिलं होतं की आत्याबाई सव्वासातलाच पेंगतात. तिला वाटलं, मालिका रेंगाळली असेल. खरं तर मालिका त्या आठवड्यात ऐन रंगात होती. तिने मला कळवलं. मी विचारलं, सकाळी डोकं दुखतं का? दुखत होतं. मशीनवरची, प्रवाह किती लिटर ते दाखवणारी गोटी कुठे आहे? तीनवर.

मुलाने वाढवली होती, आईच्या काळजीने. कोविडनंतर प्रत्येक घरात ऑक्सिमीटर आहे आणि चौऱ्याण्णव हा आकडा प्रत्येकाच्या डोक्यात बसला आहे. त्याला एकोणनव्वद दिसले आणि तो घाबरला. पण सीओपीडीत, विशेषतः कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्या रुग्णात, ८८ ते ९२ हेच लक्ष्य असतं. त्यापेक्षा वर न्यायला ऑक्सिजन वाढवला तर काही रुग्णांत कार्बन डायऑक्साइड साठत जातो: सकाळची डोकेदुखी, गुंगी, गोंधळ, आणि वेळीच लक्ष गेलं नाही तर बेशुद्धी. बोटावरचा आकडा तेव्हा चांगला दिसत असतो, हीच त्यातली फसवणूक. डॉक्टरांना लगेच फोन केला, त्यांनी त्याच दिवशी बोलावून रक्त तपासलं, प्रवाह पुन्हा एकवर आणला. दाखल करावं लागलं नाही. मशीनवर आता मार्करने एकच्या रेघेपाशी खूण आहे आणि ऑक्सिमीटरच्या डबीवर "८८ ते ९२" लिहिलेली चिठ्ठी.

या घटनेनंतर मी माझ्या नोंदवहीत एक प्रश्न वाढवला. दर वेळी विचारते, "काल काय झालं मालिकेत?" आजी तपशिलात सांगतात, सासूला शिव्या घालतात, मी ऐकते. वाक्यामध्ये किती वेळा थांबावं लागतं, नावं आठवतात का, आवाज खोल गेलाय का, सगळं कळतं. गोंधळलेला माणूस "बरी आहे" सहज म्हणतो. कालचा भाग सांगणं त्याला जमत नाही.

मुलाने मात्र यातून भलताच धडा घेतला. गुंगी उतरल्यावर पहिल्याच संध्याकाळी मालिकेत कुणाची तरी पाठवणी होती, आजी रडल्या, रडताना श्वास अडकला आणि ऑक्सिमीटर ऐंशीच्या घरात गेला. त्याने ती वाहिनी रिमोटवरून लॉक केली आणि भजनं-कीर्तनांची लावून दिली. हेतू वाईट नव्हता, आणि त्याची भीतीही निराधार नव्हती. हसणं, रडणं, मोठ्याने बोलणं या सगळ्यांत श्वास सोडायची लय मोडते. हवा आत अडकते, छाती फुगलेली राहते. पण चारच दिवसांत आजींनी टीव्ही बघणं सोडलं, टीव्ही नाही म्हणून खुर्चीत बसणं सोडलं, आणि दुपारी नळीही लावेनाशा झाल्या. "त्या भिंतीकडं बघायला कशाला पायजे नळी?"

मी त्याच्याशी बोलले, जरा कडक बोलले. साठ वर्षांपुढच्या बाईने काय बघून रडावं हे पोराने ठरवू नये, असं माझं मत आहे, आणि ते फिजिओथेरपीच्या पुस्तकात नसलं तरी मी मागे घेणार नाही. तोडगा निघाला तो साधा होता. चेहऱ्यावर, नाकाओठांवर हवेचा झोत घेतल्याने धापेची जाणीव कमी होते, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. जत्रेत मिळतो तसला बॅटरीचा छोटा पंखा टेबलावर ठेवला. ओठांचा चंबू करून, फुंकर मारल्यासारखा श्वास लांबवत सोडायला आजींना आधीच शिकवलं होतं; आता डोळे भरून आले की आधी पंखा, मग फुंकर, मग हवं तितकं रडणं. लॉक नातवाने काढलं. त्यानेच ते लावायला वडिलांना मदत केली होती.

व्यायामही टीव्हीच्या वेळेतच बसवले. दूरचित्रवाहिन्यांना तासाला बारा मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात, म्हणजे अर्ध्या तासाच्या भागात दोन-तीन खंड मिळतातच. पहिल्या खंडात खुर्चीतून उठबस, दुसऱ्यात टाचा उचलणं, तिसऱ्यात विश्रांती. सुरुवातीला त्या तीनदा उठायच्या आणि दमायच्या. आता जाहिरात संपली तरी उठबस चालू असते आणि सासू पडद्यावर आली की खाली बसतात. वेळ लावून, भिंतीकडे तोंड करून हेच व्यायाम त्यांनी कधीच केले नसते.

वीज गेली की मशीन आणि टीव्ही एकाच क्षणी बंद पडतात. घरचा इन्व्हर्टर दोन दिव्यांपुरता, मशीन त्यावर चालत नाही. म्हणून एक बी टाइप सिलिंडर भाड्याने आणून ठेवला आहे. पूर्ण भरलेल्यात साधारण दीड हजार लिटर. मिनिटाला एक लिटरने दिवसभर पुरतो. सून आणि नातू दोघांनाही रेग्युलेटर लावता येतो. आजी अंधारात जावेला फोन लावतात आणि आजचा भाग तिच्याकडून ऐकतात. गावाकडे तेव्हा वीज असते, यावर त्यांचा अजून विश्वास बसत नाही.

काही गोष्टी अडलेल्या आहेत. चुकलेला भाग मोबाइलच्या अॅपवर बघता येतो, पण शोधायला टाइप करावं लागतं. आवाजी शोध वापरून पाहिला. आजींना मालिकेचं नाव एका श्वासात पुरं करता येत नाही, मध्ये थांबल्या की यंत्र अर्ध्या नावावरच शोध घेऊन मोकळं होतं. नातवाने त्यांच्या मालिका पहिल्या पानावर आणून ठेवल्या आहेत, पण अॅपचं नवीन रूप आलं की सगळं हलतं. आणि सुनेचं काय, हा प्रश्न मी मुद्दाम नोंदवून ठेवते. ती सहाला येते, तेव्हापासून टीव्ही आजींचा. तिला आवडतात ते सिनेमे ती रात्री अकराला, ओट्यापाशी स्टूल घेऊन, मोबाइलवर बघते आणि अर्ध्यात झोपते. आजींना हे कळल्यावर त्यांनी शनिवारची रात्र तिला देऊन टाकली, "मी बी बघीन, इंग्रजी असलं तरी." मशीन चालू राहतं, म्हणून माझीही हरकत नाही.

पुढचं काम फ्लूच्या लसीचं. ती हिवाळ्याआधी द्यायला हवी. साध्या सर्दीतूनही हा आजार उसळतो आणि एकदा दवाखान्यात गेलेला रुग्ण पूर्वीइतका सावरेल याची खात्री नसते. मुलाला सुट्टी रविवारी, म्हणून त्याने रविवार संध्याकाळ ठरवली होती. त्या दिवशी दोन तासांचा महाएपिसोड आहे. लस शनिवारी सकाळी घ्यायची ठरली आहे. मुलगा अर्धा दिवस रजा टाकणार, आणि जिना उतरताना सोबत न्यायचा लहान सिलिंडर मी शुक्रवारी पोचवते.